निळ्या जोड्यांचा घरजावई

फार पूर्वी, समुद्राकाठी सोनेरी घुमटांची एक नगरी होती आणि तिथे एक सम्राट राज्य करत होता. त्या नगरीत लाल जोडे फक्त सम्राटानं घालायचे आणि निळे फक्त त्याच्या वारसानं. दुसऱ्या कुणी घातले तर शिक्षा. एवढी मोठी नगरी, आणि सगळी अक्कल पायात!

सम्राटाला एकच मुलगी, मुलगा नाही. म्हणून त्यानं दूरच्या डोंगरी मुलखातल्या रादो नावाच्या सरदारपुत्राला घरजावई करून घ्यायचं ठरवलं. मुलीला कुणी विचारलं का? छे! तशी पद्धतच नव्हती.

रादो येताना आपल्या दूधभावाला, ग्रुबानला, सोबत घेऊन आला. ग्रुबानच्या आईनंच दोघांना अंगावर पाजून वाढवलं होतं.

दरबारच्या कारभाऱ्यानं रादोपुढे निळे जोडे ठेवले. म्हणाला, "हे तुमचेच. पण आमच्याकडे बाहेरून आलेला जावई जुनं नाव टाकतो. आजपासून तुम्ही थिओफिलॉस. यापुढे वारसाला जुन्या नावानं हाक मारणं म्हणजे राजघराण्याचा अपमान. तसं करणाऱ्याचे डोळे काढतात."

आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून नवरीचं नाव बदलतात, तेव्हा तरी कुणाला काय वाटतं? इथे नवऱ्याचं बदललं. रादोलाही काही वाटलं नाही. जोडे त्याच्या मापाचे होते ना!

"रादो, मला हे लक्षण बरं दिसत नाही," खोलीत ग्रुबान म्हणाला. "चल, घरी जाऊ."

"हळू बोल. आणि ते नाव घेऊ नकोस," रादो म्हणाला.

साखरपुड्याचा दरबार भरला. रादो लांबलचक झगा घालून सम्राटाकडे चालत निघाला. तेवढ्यात वरच्या टांगत्या दिव्यातलं जळतं तेल सांडलं आणि झगा मागून पेटला. रादोला पत्ताच नाही. मानकरी मात्र सगळे बघत होते. पण सम्राटाच्या आधी कुणी तोंड उघडायचं नाही, ही रीत! सगळे ढिम्म उभे. एकटा ग्रुबान ओरडला, "रादो! मागे बघ!" आणि धावत जाऊन त्यानं नुसत्या हातांनी आग विझवली.

त्याचे तळहात सोलून निघाले. आणि बक्षीस काय मिळालं? शिपायांनी त्याच्याच मुसक्या बांधल्या.

सम्राट म्हणाला, "जावईबापू, हा कुणा रादोला हाक मारतोय. तुम्ही रादो असाल, तर ह्याचा काही गुन्हा नाही. पण मग जोडे इथेच काढा आणि आपल्या डोंगरात परत जा. बोला."

'होय' एवढंच म्हणायचं होतं मेल्याला! रादोनं खाली जोड्यांकडे पाहिलं. ग्रुबान त्याच्याकडेच बघत होता.

"मी थिओफिलॉस," तो म्हणाला. "रादो नावाचा इथे कुणी नाही. ह्या माणसाला मी ओळखत नाही."

त्याच दिवशी ग्रुबानचे डोळे काढले आणि त्याला गाढवावर बसवून सरहद्दीपलीकडे सोडून दिलं. इकडे मेजवानी झाली. ती रादोच्या घशाखाली उतरली कशी, हे मला आजवर कळलेलं नाही. नुसतं आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि मग काय झालं? लग्न लागायच्या आतच सम्राटाला मुलगा झाला. नगारे वाजले. तोच कारभारी हसत हसत रादोकडे आला. "जोडे काढा. युवराजांना लागतील."

"अहो, ते तर पाळण्यात आहेत!"

"वाढतील की," कारभारी म्हणाला.

साखरपुडा मोडला. राजकन्येला दुसऱ्याच कुणाला देऊन टाकलं, आणि याही वेळी तिला कुणी विचारलं नाही. रादो अनवाणी डोंगर चढून आपल्या मुलखात परतला आणि आधी ग्रुबानच्या घरी गेला. ग्रुबान दारात बसून चाचपडत दोर वळत होता.

"ग्रुबान, मी आलोय. मी रादो."

ग्रुबानचे हात थांबले. "रादो नावाचा कुणी नाही," तो म्हणाला. "त्यानंच भर दरबारात तसं सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा मी नीट पाहिलाय. माझ्या डोळ्यांनी पाहिलेली ती शेवटची गोष्ट."

घरात ग्रुबानची आई होती. जिनं दोघांना पाजलं होतं, तीच. ती बाहेर आली, मुलाला हाताला धरून आत घेऊन गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

तात्पर्य: मानाचे जोडे ज्यांनी दिले, ते कधीही काढून घेतील. पण त्या जोड्यांपायी ज्या आपल्या माणसाला ओळख दाखवली नाही, त्यानं पुन्हा आपल्याला ओळखावं असं म्हणायचा हक्क उरत नाही.