सांडण्याआधीचे पाणी

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध आचार्य राहत असत. आचार्य म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर दाढी आणि पर्णकुटी उभी राहते. आमचे आचार्य रोज सकाळी दाढी करीत, आणि महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. तरीही महिन्यातून एकदा जुन्या स्कूटरवरून नदीवर जाऊन पाण्याचे नमुने घेणे त्यांनी सोडले नव्हते. सोबत त्यांची एक शिष्या असे.

दृष्टांतकथेतला शिष्य बहुधा मंदबुद्धीचा असतो. त्याशिवाय गुरूंना बोलायला वाव मिळत नाही. ही मुलगी मात्र चांगली हुशार होती. बाटली भरण्याआधी त्याच पाण्याने तीनदा विसळावी, वास येतो तसा लिहावा, कशाचा असेल याचे तर्क लढवू नयेत, हे सारे ती आचार्यांकडून शिकली होती. मुलीच्या जातीने नाल्यावर कशाला जायचे, असे घरचे म्हणाले, तेव्हा आचार्य स्वतः तिच्या घरी जाऊन तासभर बसले होते. तो उपकार ती विसरली नव्हती, आणि म्हणूनच त्या दिवशी तिची जीभ रेटत नव्हती.

तिला रासायनिक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. होकार कळवण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. पण ज्या कारखान्यांचे पाणी इतकी वर्षे सरांबरोबर तपासले, त्याच कारखान्यांची विद्या शिकायला आपण निघालो, हे सरांना कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यांना दुखवून जाण्यापेक्षा न गेलेले बरे, असे तिने मनाशी जवळजवळ ठरवले होते. तरी लपवून ठेवणेही तिच्याने होईना. तिने सारे सांगून टाकले आणि मान खाली घालून उभी राहिली.

आचार्य हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांनी कपाटातून एक रिकामी बाटली काढून तिच्या हातात दिली. "चल, एक नमुना घ्यायचाय."

सुती कापड रंगवणाऱ्या एका व्यापाऱ्याचा कारखाना गावाबाहेर होता. त्याचा नाला जिथे नदीला मिळतो, तिथे तिने बाटली भरली. पाणी जांभळट होते. आचार्यांनी ते पाहिले आणि नाल्यातच ओतून दिले.

"अजून वर."

ती काठाकाठाने पुढे गेली, पुन्हा बाटली भरली. त्यांनी तीही ओतली. "अजून वर."

तिसऱ्या खेपेला ती कारखान्याच्या भिंतीपाशी पोहोचली. भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपावर पांढऱ्या रंगाची फुली होती. ती आचार्यांनीच पूर्वी मारलेली. नमुना घ्यायचा तो नेहमी तिथून. आचार्यांनी तीही बाटली रिकामी केली.

आता मात्र ती वैतागली. "सर, याच्या वर नाला नाहीच. याच्या वर कारखाना आहे."

"मग कारखान्यात जाऊ."

व्यापारी दारातच भेटला. बाटली पाहून त्याचा चेहरा पडला.

"सर, तुमचे अहवाल मी वाचतो हो," तो म्हणाला. "काय चुकलं ते त्यात बरोबर असतं. पण मी करू काय, ते कुठल्याच पानावर नसतं. बाहेर जातो तो माझाच रंग आहे. वाहून जावा म्हणून कोणी रंग आणतं का?"

तो त्या दोघांना रंगाच्या टाकीपाशी घेऊन गेला. वाफाळत्या पाण्यात कापड फिरत होते. "यातला निम्माशिम्मा धाग्याला बसतो. बाकीचा तुमच्या बाटलीत."

शिष्येला राहवेना. मीठ किती घालता, पाणी किती तापवता, कापड किती वेळ ठेवता, असे प्रश्नांमागून प्रश्न तिने विचारले.

"तापलं का ते बोट लावून बघतो," व्यापारी म्हणाला. "मीठ आमचे वडील घालायचे तेवढंच."

"मग रंग बसत नाही तो यातल्या नेमक्या कशामुळे?"

"ते तुम्ही सांगायचं ना, ताई! शिकलेल्या तुम्ही."

त्या नाल्याचे पाच वर्षांचे आकडे तिला तोंडपाठ होते, आणि एवढ्या साध्या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते. तिने आचार्यांकडे पाहिले.

आचार्य म्हणाले, "बाळ, 'सांडपाणी' हा शब्द तू माझ्या तोंडून हजारदा ऐकलायस. सांडलेलं पाणी. ते सांडतं कुठे? इथे, या टाकीशी. आपण दर वेळी सांडून झाल्यावर पोहोचलो. नमुना फुलीपाशीच घ्यायचा, हे मी तुला नियम म्हणून शिकवलं. खरं सांगू? फुलीच्या आतलं मला काही येत नव्हतं, म्हणून मी तिथे थांबत होतो. तू जाणार म्हणालीस तेव्हा मला लागलं, नाही असं नाही. हाताशी असलेलं माणूस जातंय म्हटल्यावर लागणारच. पण तू आत जायलाच हवंस."

तिचे डोळे भरून आले. "सर, मला वाटत होतं, मी नदीला सोडून चाललेय."

"नदी बिघडते ती इथूनच. सोडतेस कुठे तिला?"

"पण मला त्यातलं गणितसुद्धा धड येत नाही. वर्षभर पदवीच्या, माझ्याहून लहान मुलांच्या वर्गात बसावं लागेल."

"मग बस की! आणि सुट्टीत आलीस की मला शिकव. उष्णता कशी वाहते, रंग धाग्यात कसा शिरतो, मलाही समजून घ्यायचंय. मी वही घेऊन येईन."

तिथेच उभ्या उभ्या तिने मोबाइल काढला आणि होकार कळवून टाकला. मग वाकून आचार्यांना नमस्कार केला. आजवर त्यांनी जे जे शिकवले, त्या साऱ्याबद्दल तिच्या मनात कृतज्ञता होतीच. परंतु 'मला येत नव्हतं' हे शब्द गुरूने शिष्येसमोर, तेही तिसऱ्या माणसाच्या देखत, किती सहज उच्चारले, हे आठवून तिला वाटले की आपण खऱ्या अर्थाने शिष्या आज झालो.

आपल्या गुरूचे ज्ञान जिथे संपते, तिथून पुढे चालू लागणे हीही गुरुसेवाच आहे.