शंभर वर्षांचा मावळा

सन १९७७, दसऱ्याची सकाळ. किल्ला-स्पर्धेचे अध्यक्ष रावसाहेब निंबकर यांनी आपल्या संग्रहातला मातीचा मावळा सभेपुढे धरला.

“शंभर वर्षांचा आहे! असा हात आता कुठल्या कुंभाराला नाही. यंदा मावळे प्लॅस्टिकचेच मागवू.”

महादबा कुंभाराची वर्षाची भाकरी स्पर्धेच्या मातीच्या मावळ्यांवर होती. त्याने पुढे होऊन रावसाहेबांच्या हातातलाच मावळा उलटा करून तळाच्या खळगीत आपला वाकडा अंगठा ठेवला. नेमका बसला.

“रावसाहेब, माझं वय पन्नास. अंगठा तेवढा आधी जन्मला म्हणायचा!”

सभा हसली. मग महादबा हळूच म्हणाला, “नऊ वर्षांमागं ‘घरी दाखवून आणतो’ म्हणून नेलात. वहिनीसाहेबांचं बघून झालं का?”

रावसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मागणीच्या कागदावरचं ‘प्लॅस्टिक’ खोडून ‘महादबा’ लिहिलं आणि मावळा त्याच्या हातात परत ठेवला.