मानी मीठ

"अळणी!"

सर्जेरावमहाराजांनी आमटीची वाटी अशी भिरकावली, की ती घरंगळत थेट मुदपाकखान्याच्या दारात येऊन थांबली. दारात येसू उभी होती. धाकू आगऱ्याची लेक. मिठाची टोपली नुकतीच डोक्यावरून उतरवली होती तिनं.

आमटी अळणी का, हे तिला आचाऱ्याकडूनच कळलं होतं. महाराजांचे पाय सुजून भोपळे झाले होते, आणि राजवैद्यांनी बाळंभट आचाऱ्याच्या कानात सांगितलं होतं, "मीठ निम्मं कर. पण महाराजांना कळू देऊ नकोस." सोनखाडीच्या राजाला मीठ सोडा म्हणायची छाती कुणाची? दसरा तीन आठवड्यांवर आलेला, जरीची मोजडी अंगठ्यापुढे सरकत नव्हती, तरी स्वारी रोज चार पापड, दोन फोडी लोणचं आणि मूठभर सुकट हाणत होती!

"मीठ घालायला विसरलास?" महाराज गरजले.

बाळंभटाची बोबडी वळली. घाबरलेला माणूस हाताला लागेल ती फांदी धरतो, तशी त्यानंही धरली. "घातलंय महाराज! पण... पण यंदाच्या मिठालाच खारटपणा नाही!"

"कुणाचं मीठ?"

"धाकू आगऱ्याचं."

"मग धाकूचं मिठागर जप्त करा!"

तीन पिढ्यांनी चिखल तुडवून बांधलेलं मिठागर, आणि एका वाटीपायी जाणार? येसू सरळ आत शिरली.

"महाराज, मी धाकूची लेक. मीठ खारट नसेल तर समुद्रालाच बोलावणं धाडा. आम्ही माल त्याच्याकडूनच उचलतो!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"जिभेला धार आहे गं पोरी! बरं, तूच सिद्ध कर. मला असं मीठ आण, की जे निम्मं घातलं तरी दुप्पट लागेल! दसऱ्यापर्यंत मुदत. नाही जमलं, तर मिठागर गेलं!"

महाराजांच्या पाठीमागे बाळंभट हात जोडून उभा होता. खरं बोलावं तर त्याच्या पोटावर पाय येत होता. येसूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा महाराजांच्या पायांकडे, आणि म्हणाली, "आणते."

दुसऱ्या दिवशी ती आली ती रेशमी फडक्यात गुंडाळलेली तांब्याची डबी घेऊन. माल तोच, पण डबी बदलली की गिऱ्हाईक मान डोलावतं. बाजारात बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

"महाराज, हे मानी मीठ. पातेल्यात टाकलं की अपमान होतो त्याचा, विरघळून गप्प बसतं. याला ताटात, वरच्या कोपऱ्यात मानानं वाढायचं. बोट टेकवायचं, घास घ्यायचा."

"एवढंच?"

"आणखी एक. ताटात दुसरं खारट दिसलं की रुसतं."

"म्हणजे पापड?"

"रुसेल."

"लोणचं?"

"फार रुसेल!"

"आणि सुकट?" महाराजांचा आवाज पार केविलवाणा झाला होता.

"सुकट दिसली, तर डबीतून उठून चालतंच होईल!"

येसूनं बाळंभटाला कामाला लावलं. आमटीत कोकम, भाजीत भाजलेलं खोबरं, माशावर लिंबू, वर लसणीची खमंग फोडणी. मीठ मात्र कशातच नाही. पहिल्या दिवशी महाराजांनी बोट टेकवलं, घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. पण राजानं स्वतःच मागवलेल्या मालाला नावं कशी ठेवायची? जेवले! मिठाचा खडा जिभेवर सरळ बसतो, त्यामुळे चिमूटभरही बोलका लागतो. येसू रोज ती चिमूट तिळभर लहान करत गेली. महाराजांना पत्ता नाही.

दसऱ्याच्या सकाळी मोजडी पायात सुळकन गेली. महाराज ताटावर बसले ते खुशीत.

"वा येसू! दुप्पट काय, चौपट खारट आहे तुझं मीठ! कुठल्या खाडीचं?"

"सांगते. आधी बाळंभटकाकांच्या जुन्या हातची आमटी चाखा. महिन्यापूर्वी घालायचे तेवढंच मीठ घातलंय."

महाराजांनी भुरका मारला आणि तोंड दाबून ओरडले, "अरे, आमटी वाढलीस की अख्खी खाडी?"

"हीच तुम्ही रोज दोन वाट्या प्यायचात!" येसूनं डबी आणि टोपली शेजारी ठेवली. "आणि डबीतलं मीठ याच टोपलीतलं. मीठ बदललं नाही महाराज, तुमची जीभ बदलली. माझ्या बाबांचं मीठ पहिल्या दिवसापासून खारटच होतं!"

"म्हणजे तीन आठवडे मला फसवलंस?"

"तुम्हाला झोप लागते ना आता?"

"लागते तर! पूर्वी घसा सुकायचा, रात्रभर पाणी पीत जागायचो."

"तेच तर! खाल्ल्या मिठाला जागायचं ते आम्ही चाकरांनी. तुम्ही धनी, तुम्ही का जागत होता?"

महाराज हसले, ते इतके, की पागोटं घसरून ताटात पडता पडता वाचलं.

"मिठागर तुमचंच, सारा माफ! पण पोरी, मीठ विकणारी तू, आणि राजालाच कमी खायला शिकवतेस? धंदा बुडेल की!"

"कसा बुडेल? गिऱ्हाईक शंभर वर्षं टिकलं, तर चिमटीचिमटीनं पोती खपतात!"

महाराजांनी हसतच मुदपाकखान्यातल्या मिठाच्या कोठीची किल्ली मागवली आणि सगळ्या पंगतीसमोर ती येसूच्या हातात ठेवली. "आजपासून या वाड्यात मीठ हवं असेल त्यानं हिला विचारायचं. मीसुद्धा!"

मग हळूच तिच्याकडे झुकून म्हणाले, "विचारतो हं. सणाचा दिवस आहे... एक पापड?"

"अर्धा!" येसू म्हणाली.