आजीची लाल ओळ

ही गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा चिमण्या माणसांशी बोलायच्या आणि माणसंही हातातलं काम थांबवून त्यांचं ऐकून घ्यायची.

नदीकाठच्या एका गावात हौसा नावाची बाई राहायची. गोधडी शिवावी तर हौसानंच, असं सगळं गाव म्हणायचं. तिचे टाके सारखे, तिची ओळ नांगराच्या तासासारखी सरळ. हे तिला ठाऊक होतं, आणि तेच जरा जास्त ठाऊक होतं.

त्या गावाची एक रीत होती. घरात गोधडी पसरलेली असताना जो पाहुणा येईल, त्यानं गूळपाणी घ्यायचं आणि सुई उचलून गोधडीत एक ओळ घालायची. कुणाचे टाके लांब, कुणाचे चिमुकले, पण ते तसेच राहू द्यायचे. शेवटी मधल्या ठिगळाखाली पुरणपोळीचा वाळवलेला घास ठेवून ते शिवून टाकायचं. मग ती गोधडी पांघरणारा कधी उपाशी झोपत नाही आणि कधी एकटा झोपत नाही, असं जुनी माणसं सांगायची.

हौसाच्या लेकीचं, चंपाचं, लग्न ठरलं होतं. तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली होती. एके दिवशी सकाळीच दारात बैलगाडी थांबली. हौसाचा भाऊ आला होता, भावजय आली होती, आणि भावाचा हात धरून हौसाची म्हातारी आई उतरली होती. आईला आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं.

घर गजबजून गेलं. चुलीवर पुरण शिजायला लागलं. भावजय पाट्यावर वाटायला बसली, भाऊ सोप्यात पान जुळवत बसला. म्हातारी मात्र चाचपडत सरळ गोधडीपाशी गेली.

"चंपे, सुईत दोरा ओवून दे गं. लाल दे. लाल मला जरासा दिसतो."

चंपानं लाल दोरा ओवून दिला. म्हातारीनं दुपारपर्यंत एकच ओळ घातली. पोळ्या झाल्या, पानं वाढली, सगळे हाका मारायला लागले, तरी ती म्हणत होती, "थांबा रे, एवढं कडेला नेऊ द्या." मध्ये एकदा सुई बोटात गेली. तिनं बोट तोंडात धरलं आणि पुन्हा कामाला लागली.

ओळ सरळ निघाली होती, मग खाली घसरली, मग आठवण झाल्यासारखी वर आली. काही टाके दाण्याएवढे होते, काही बोटाएवढे. शेवटी म्हातारीनं चांगली जाड गाठ मारली आणि म्हणाली, "झालं. आता माझी नात सासरी एकटी नाही."

सांजवेळी गाडी परत निघाली. ती वळणापलीकडे गेली आणि हौसानं कात्री घेतली.

"आई, आजीची ओळ आहे ती!" चंपा म्हणाली.

"मला दिसतंय. तुझ्या सासरी चारचौघी गोधडी उलगडून बघतील, तेव्हा काय आजीचं वय सांगत बसशील? हौसाच्या लेकीची गोधडी अशी, म्हणतील."

तिनं ती ओळ उसवली. त्याच जागी पांढऱ्या दोऱ्याची ओळ घातली, अगदी सरळ. लाल दोरा अंगणात टाकला, तेव्हा वळचणीतली चिमणी खाली आली.

"हा तुला नको का गं?" चिमणीनं विचारलं.

"नको. ने तू," हौसा म्हणाली.

चंपाच्या हळदीला हौसाची आई पुन्हा आली. आल्या आल्या तिनं गोधडी मागून घेतली आणि मांडीवर पसरली. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं कळत होतं. बोटं कडेकडेनं फिरली. एका कोपऱ्यात थांबली, मागे गेली, पुन्हा त्याच कोपऱ्यात आली. ती तिथली जाड गाठ शोधत होती.

"छान झालीय हो," म्हातारी हळूच म्हणाली. "हात कुठंच अडखळत नाही."

हौसा खुलली. कढईत पुऱ्या सोडता सोडता तिनं शेजारणीलाही ऐकवलं, "बघा, आमच्या आईला दिसत नाही, तरी म्हणते छान झालीय." अशा वेळी माणसाला आपलंच कौतुक तेवढं ऐकू येतं, दुसरं काही ऐकू येत नाही.

तेवढ्यात चंपानं रुखवतातला रुमाल आणि सुई आजीपुढं केली. "आजी, यावर दोन टाके घाल ना."

"नको गं बाळ," म्हातारी म्हणाली. "उगीच तुझ्या आईला काम वाढायचं."

हौसाचा झारा हातातच राहिला. पुऱ्या करपायला लागल्या. तिला उठून आईजवळ जायचं होतं, तिचे पाय धरायचे होते. पण दारात पाहुणे आले, हळद कालवायची होती, हजार कामं होती. उद्या बोलू, असं तिनं मनाशी म्हटलं. उद्या वरात निघाली, परवा आई गावी गेली. आणि थंडी सरता सरता निरोप आला, की आई गेली.

दिवसकार्य झाल्यावर चंपा माहेरी आली. येताना गोधडी घेऊन आली.

"आई," ती म्हणाली, "सासरी सगळ्यांनी गोधडी वाखाणली. पण आजी गेल्याचं कळलं त्या रात्री मी ती अंगावर घेतली आणि तो कोपरा चाचपत राहिले. तिथं तुझीच ओळ लागत होती."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रडत होती.

हौसा अंगणात धावली आणि वळचणीकडे बघून तिनं हात जोडले. "चिमणाबाई, माझ्या आईचा दोरा दे गं परत!"

"घे ना," चिमणी म्हणाली. "माझी पिल्लं त्याच्यावर वाढली, उडूनही गेली. दोरा मी देते. टाके कुठून आणशील?"

हौसानं घरट्यातला दोरा काढला. तो विटला होता, पण लाल होता. तिनं आपली पांढरी ओळ उसवली आणि आईच्या ओळीसारखी ओळ घालायला बसली. इथं घसरली होती, इथं वर आली होती, सगळं तिला डोळ्यांपुढं दिसत होतं. पण आयुष्यभर सरळ टाके घातलेला हात वाकडं जाईना. डोळे मिटून घातली, डाव्या हातानं घातली. कधी ओळ सरळच आली, कधी मुद्दाम वाकडी केलेली दिसली. आईची ओळ काही आली नाही.

शेवटी तिनं तो कोपरा मोकळाच सोडला. पुढं त्या घरी कुणीही पाहुणा आला, की हौसा आधी त्याच्या हातात सुई द्यायची आणि त्याचे वेडेवाकडे टाके जपून ठेवायची. पण त्या मोकळ्या कोपऱ्यात तिनं कुणालाच टाका घालू दिला नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: आपल्या माणसानं मायेनं घातलेला टाका वाकडा असला तरी उसवू नये, कारण दोरा परत मिळतो, तो हात परत मिळत नाही.