पोटगी कोणाची, पाय कोणाचा

एका गावात एक भोळी आई होती. होती म्हणजे अजून आहे. ती मीच. गावाचं नाव आंबेटेक. तशी भोळी माणसं प्रत्येक गावात असतात, पण ती शिकलेली नसतात, म्हणून त्यांचं निभावतं. मी बी.ए. आहे. मी विचार करून चुकते.

शाळेत मी गाइड पाठ करून पास व्हायचे. प्रश्न कळो न कळो, उत्तर तयार. तेव्हापासून माझी खात्री आहे की उत्तर पाठ असलं म्हणजे झालं, प्रश्न कुठलाही येऊ दे.

माझा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. त्याची सरकारी पेन्शन मिळायची. तिच्यात माझा पट्ट्यांचा बूट, औषधं आणि घरातलं मीठमिरची भागायचं. नवऱ्याचं नि माझं पटलं नाही. तो शहरात राहिला, मी लेकीला घेऊन सरूआत्याकडे आले. कोर्टानं लेकीला, म्हणजे आमच्या रेणूला, पोटगी लावून दिली. मला नाही. बाई शिकलेली आहे, तिचं ती बघेल, असं कोर्टाला वाटलं. चुका काय, कोर्टाच्याही होतात.

एक दिवस तलाठी भाऊसाहेब चौकशीला आले.

"बाई, उत्पन्न काय?"

"एक मुलगी."

"ते नव्हे हो! घरात पैसा काय येतो?"

"पोटगी येते की. दर महिन्याला, अगदी वेळेवर. माझ्याच खात्यात."

हे मी जरा अभिमानानंच सांगितलं. नवऱ्याची एवढी एकच गोष्ट वेळेवर असते, ती चारचौघांत सांगायला नको? भाऊसाहेबांनी लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात पेन्शन बंद. का, तर बाईंना दुसरं उत्पन्न आहे.

आत्या भाकरी थापत होती. ती थापता थापता थांबली.

"अगं येडे, पोटगी म्हणजे पोटाची. कुणाच्या पोटाची? पोरीच्या! ती तुझ्या उत्पन्नात कशी येईल? 'हे माझं नाही, लेकीचं आहे,' असं म्हणायचं."

"असं होय! आता पाठच करून ठेवते."

तहसील कचेरीत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "समितीपुढं अर्ज करा, पेन्शन परत चालू होईल. पण दोन कामं करून या. पायाचा दाखला जुना झालाय, तो नवा काढा. आणि पोटगी मुलीच्या खात्यात वळवा, म्हणजे तुमच्या पैशात मिसळणार नाही."

आधी दवाखाना. एस.टी.त बसल्यापासून मी घोकत होते. हे माझं नाही, लेकीचं आहे. हे माझं नाही, लेकीचं आहे. रेणू मांडीवर बसून तालावर टाळ्या वाजवत होती. आत्या बाहेर बाकावर थांबली, आम्ही दोघी आत गेलो.

डॉक्टर म्हणाले, "कुठला पाय?"

"डावा," मी म्हणाले. "पण हा माझा नाही, लेकीचा आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग रेणूकडे पाहिलं. मग रेणूला खाली उतरवून म्हणाले, "चाल बघू बाळा." रेणू चालली नाही. तिनं खोलीभर लंगडी घातली. जाताना उजव्या पायावर, येताना डाव्या.

"पोरीचा पाय उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

"हो ना."

"मग आणलंत कशाला?"

"पेन्शनसाठी."

"हिच्या?"

"नाही, माझ्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात आत्या आत आली, तिनं माझी साडी घोट्याच्या वर उचलली आणि बूट दाखवला. डॉक्टर भले होते. दाखला दिला आणि वर समजावलं, "बाई, असं लाजायचं नाही. 'हे माझंच आहे आणि कायमचं आहे,' असं ठणकावून सांगायचं."

"असं होय! आता पाठच करून ठेवते."

तिथून बँकेत. काउंटरवरच्या साहेबांनी रेणूचं खातं उघडलं. म्हणाले, "आता पोटगी यात वळवू. बरं, हे पैसे कोणाचे?"

मी काउंटरवर थाप मारली. "हे माझंच आहे आणि कायमचं आहे!"

मागे रांगेतल्या आजोबांनी दचकून स्वतःची पिशवी छातीशी धरली.

"तुमचे आहेत, तर मुलीच्या खात्यात वळवायचे कशाला?"

"माझे नाहीत म्हणून."

साहेब तांब्यातलं पाणी प्यायले. सगळं. मग अगदी हळू आवाजात, तापलेल्या पोराशी बोलतात तसं म्हणाले, "ताई, पैसे मुलीचे. तुम्ही राखणदार. कोणी विचारलं तर सांगायचं, 'मी फक्त सांभाळतेय. वेळ आली की ज्याचं त्याला देऊन टाकणार.' येईल ना म्हणता?"

"असं होय! आता पाठच करून ठेवते."

खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. पेन्शन नाही मिळाली तर बूट कुठून आणायचा? बूट नाही तर चालायचं कसं? आणि चालता नाही आलं, तर रेणूच्या मागे धावायचं कोणी? आत्यानं? आत्याचे गुडघे ऐकलेत का, उठताना काय बोलतात ते? काळजी वाटली की मी घोकते. पहाटेपर्यंत घोकलं.

सकाळी रेणूला अंगणवाडीत सोडायला गेले. सेविका नवीन आल्या होत्या. त्यांनी रेणूचा गालगुच्चा घेतला. "गोड आहे हो! तुमचीच का?"

"मी फक्त सांभाळतेय," मी म्हणाले. "वेळ आली की ज्याचं त्याला देऊन टाकणार."

सेविकेचा चेहरा पिठासारखा झाला. त्यांनी रेणूला पटकन कडेवर घेतलं. "बसा हं ताई. जाऊ नका हं. आलेच," म्हणाल्या आणि मागच्या दारानं गेल्या. आल्या त्या पोलीस पाटलांना घेऊन.

पाटील रेणूपुढे उकिडवे बसले. "सांग बाळ, ही तुझी कोण?"

रेणूनं माझ्याकडे बोट केलं, टाळी वाजवली आणि तालात म्हणाली, "हे माझं नाही, लेकीचं आहे!"

सेविका रडायलाच लागल्या. पाटील मात्र खो खो हसले. "अहो मॅडम, ही सरूबाईंची भाची. ही कसली पोर पळवतेय! हिला पळवायला रस्ता तरी सापडायला हवा."

पाटलांनी सेविकेला धीर दिला, मला आपल्या घरी नेलं. पाटलीणबाई आतून म्हणाल्या, "चहा घेशील ना गं? पोहेही केलेत."

"घेईन की," मी म्हणाले. "पोहेही घेईन." सकाळपासून पोटात काही नव्हतं. एक ताटली झाली, त्यांनी विचारलं म्हणून दुसरीही झाली.

ही बातमी माझ्या आधी आत्यापर्यंत पोचली होती. पोर पळवल्याची नव्हे, पोह्यांची.

"त्यांनी विचारलं आणि तू लगेच हो म्हणालीस? लाज कशी नाही गं वाटली? लोक म्हणतील, आत्या उपाशी ठेवते. कोणी काही देऊ केलं की आधी 'नको नको, कशाला उगाच' म्हणावं. पुन्हा विचारलं तरी नको म्हणावं. समोरचा आग्रहच करायला लागला की मग हात पुढं करावा. एवढंही नाही का शिकवलं तुला कॉलेजात?"

"असं होय! आता पाठच करून ठेवते."

समितीचा दिवस उजाडला. आत्या रेणूला घेऊन बाहेर बाकावर बसली. मी आत गेले. मोठं टेबल, मधे साहेब, शेजारी लिहायला कारकून. डोक्यात सगळी उत्तरं एकमेकांना ढकलत होती.

"बाई, ही पोटगी कोणाची?"

मी डोळे मिटले. "लेकीची, साहेब. तिच्याच खात्यात जाते. मी फक्त सांभाळतेय."

"बरोबर. आणि पायाचं?"

"हे माझंच आहे आणि कायमचं आहे."

मी डोळे उघडले. कोणी पेन खाली ठेवलं नव्हतं. कोणी पाणी पीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न आणि उत्तर एकाच घरात नांदत होती.

साहेबांनी दाखला पाहिला, बँकेचं पासबुक पाहिलं. शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "मुलीची पोटगी आईच्या उत्पन्नात कोणी धरली? काढा ती." मग माझ्याकडे वळून हसले. इतकं मायेनं सरकार माझ्याशी कधी बोललं नव्हतं.

"काय मग बाई, तुमची पेन्शन परत चालू करू या ना?"

"नको नको," मी म्हणाले. "कशाला उगाच!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"नको?" साहेब म्हणाले.

"राहू द्या हो. तुम्हाला आधीच केवढी कामं."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं एक ओळ लिहिली, खाली रेघ मारली. शिपायानं दारातून पुढचं नाव पुकारलं.

मी बाहेर आले. आत्याशेजारी पदर सावरून निवांत बसले.

"झालं का गं?" आत्या म्हणाली.

"होतच आलंय," मी म्हणाले. "दोनदा नको म्हणून झालंय. आता आग्रह करायला आले की हो म्हणते."