पोतदाराचा रिकामा खण

शिडाची जहाजं वाऱ्याच्या भरवशावर समुद्र ओलांडत, त्या काळची ही गोष्ट. एका बंदरावर सिदोबा नावाचा पोतदार राहत होता. नाणं खरं की खोटं हे पारखून सांगणं, हे त्याचं काम.

सिदोबाला एकच नाद होता. दूरच्या अमेरिका देशातली जुनी चांदीची नाणी तो जमवी. एका बाजूला मोकळ्या केसांची देवी, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. ही नाणी तिथे सव्वीस सालं पाडली गेली होती. खलाशांकडून एकेक मिळवत त्याने त्यांपैकी पंचवीस सालांची नाणी गोळा केली होती. सागवानी पेटीत प्रत्येक सालाचा एक खण होता. त्यातला एकच रिकामा होता.

एकदा त्या देशाचा दूत दरबारात येणार अशी वर्दी आली. राजाने सिदोबाला सांगितलं, की पाहुण्याला पेटी दाखवायची, आणि तीही भरलेली.

त्याच आठवड्यात एक फिरता व्यापारी नेमकं तेच नाणं घेऊन आला. सिदोबा इतका हरखला, की दुसऱ्यांची नाणी दहादा वाजवून पाहणाऱ्या त्या माणसाने हे एकदाही वाजवलं नाही. वडिलांनी लावलेली आमराई विकून त्याने ते घेतलं आणि गावभर साखर वाटली.

दुसऱ्या सकाळी ते नाणं हातातून निसटून फरशीवर पडलं. आवाज बद्द आला. सिदोबाने कडेवरून बोट फिरवलं, तर साच्याची बारीक शीर बोटाला लागली. खरं नाणं ठशाने पाडलेलं असतं; हे साच्यात ओतलेलं, म्हणजे खोटं होतं. व्यापाऱ्याचं जहाज केव्हाच निघून गेलं होतं.

सिदोबा नाणं हातात घेऊन खाली बसला. आमराई गेली होती, आणि आता अब्रूही जायची वेळ आली होती. त्याची बायको येसूबाई जवळ येऊन बसली. तिने एवढंच विचारलं, "हेच नाणं दुसऱ्या कुणी पारखायला आणलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

सिदोबा उठला आणि तडक राजाकडे गेला. सगळं ऐकून राजा चिडला. खोटं तर खोटं, खणात ठेव, पाहुण्याला काय कळणार, असं तो म्हणाला.

"पाहुण्याला कळो न कळो, महाराज," सिदोबा म्हणाला, "मला कळलंय."

राजाने बजावलं, की दरबाराची शोभा झाली तर पोतदारी जाईल. सिदोबाने मान तुकवली, पण खण रिकामाच ठेवला.

दूत आला. पेटी उघडताच त्याची नजर रिकाम्या खणावर गेली. सिदोबाने खोटं नाणं त्याच्या हातावर ठेवलं आणि आपण कसे फसलो ते भर दरबारात सांगितलं. दूताने नाणी तपासायला काढलेलं भिंग परत खिशात ठेवलं.

"आता बाकीची पंचवीस तपासायची गरज नाही," तो राजाला म्हणाला. "आमचे व्यापारी तुमच्या बंदरात येतील. फक्त चांदीच्या प्रत्येक थैलीवर या पोतदाराची मोहर हवी."

त्या वर्षापासून बंदराची भरभराट झाली. सिदोबाला आमराई परत मिळाली नाही, की त्या सालाचं खरं नाणंही कधी सापडलं नाही. पण त्याची मोहर पाहिली, की देशोदेशीचे व्यापारी थैली न उघडता जहाजात चढवत.

स्वतःची चूक जो स्वतः सांगतो, त्याच्या शब्दाला कुणी कसोटी लावत नाही.