साकव आणि सुभेदारी

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही गोष्ट पुष्कळ जुन्या काळची आहे. तेव्हा डोंगरांच्या कुशीत सात खोऱ्यांचा एक मुलूख होता. राजा फार दूर, समुद्राकाठच्या राजधानीत राहायचा. मुलखाचा कारभार एक सुभेदार पाहायचा, आणि सुभेदाराच्या सभेत प्रत्येक खोऱ्याचा एक सभासद बसायचा.

या मुलखात सुभेदाराला राजा नेमत नसे, लोक निवडत. श्रावणात, शेतातली लावणी उरकून माणसं घरी सापडू लागली की गावोगावी देवळाच्या ओट्यावर घडे मांडायचे. प्रत्येक घराने आपल्या पसंतीच्या माणसाच्या घड्यात एक सुपारी टाकायची. ज्याच्या नावाच्या सुपाऱ्या जास्त, तो सुभेदार.

वरच्या खोऱ्याचा सभासद होता रायाजी. बाकीचे सभासद सभेत मोठमोठ्या गोष्टी बोलायचे; किल्ल्याच्या, खजिन्याच्या, राजाच्या मर्जीच्या. रायाजी उठायचा आणि म्हणायचा, "आमच्या एका वाडीची विहीर खचली आहे, ती बांधून द्या." कधी म्हणायचा, "आमच्याकडे वैद्य नाही, पावसाळ्यापुरता तरी पाठवा." सभा हसायची. पण रायाजी खाली बसायचाच नाही. शेवटी कंटाळून का होईना, सभा हो म्हणायची. खोऱ्यात विहीर बांधली जायची, वैद्य यायचा, आणि लोक म्हणायचे, "सभासद असावा तर असा."

एकदा असं झालं. वरच्या खोऱ्यातल्या धान्यावरची जकात उठवावी म्हणून रायाजी कित्येक वर्षं सभेत भांडत होता. एके दिवशी म्हातारा सुभेदार खुशीत होता. त्याने हुकुमाचा कागद मागवला, फर्रकन सही केली आणि म्हणाला, "उठवली जकात. आता तरी बस."

रायाजी बसला, पण त्याचं मन काही बसेना. जे काम करायला आपली अर्धी उमर गेली, ते त्या हाताने एका फटकाऱ्यात केलं. तो हात आपला असता तर? त्या दिवसापासून सुभेदारी रायाजीच्या मनात शिरली. जेवताना, चालताना, देवापुढे हात जोडताना त्याला तेच दिसू लागलं. त्याला दागिने नको होते, पालखी नको होती. त्याला लोकांचं भलंच करायचं होतं. म्हणून तर ती ओढ त्याला कधी वाईट वाटली नाही.

रायाजीची बायको सगुणा. त्यांना एकच लेक, येसू. येसूला नदीपलीकडच्या गावात दिली होती. घर चांगलं, जावई चांगला. अंतरही काही फार नव्हतं. या काठावरून त्यांच्या घराची कौलं दिसायची. उन्हाळ्यात नावेतून जाता यायचं. पण आषाढ लागला की नदी दोन्ही काठांना भिडायची, नावा ओढून ठेवल्या जायच्या, आणि दसऱ्यापर्यंत पलीकडचं माणूस अलीकडे येणं बंद. खालून वळसा घालून यावं तर वाटेतले ओढेही भरलेले.

आणि लेकी माहेरी कधी येतात? श्रावणात. पंचमीला घरोघरी झोके बांधले जायचे, सासरहून आलेल्या मुली गाणी म्हणायच्या. सगुणा आपली कातळखिंडीच्या काठावर जाऊन उभी राहायची. तिथे नदी अगदी अरुंद होती. पलीकडे येसू यायची. दोघी तोंडाशी हात धरून हाका मारायच्या, पण पाण्याच्या गर्जनेत एकही शब्द पोचायचा नाही. मग नुसतं बघत राहायचं. एका श्रावणात येसूने आपलं तान्हं बाळ दोन्ही हातांनी उंच धरून आईला दाखवलं. सगुणाने इथूनच त्याची दृष्ट काढली.

त्या दिवशी ती घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, एक मागू?"

"माग की."

"खिंडीत लाकडाचा झुलता साकव टाकता येईल, असं सुतार म्हणतो. एक माणूस पलीकडे जाईल एवढाच. तेवढं सभेत बोला. सगळ्यांच्या विहिरींचं बोलता, एकदा माझ्या साकवाचं बोला."

"आपल्याच घरासाठी मागतो, असं म्हणतील लोक."

"म्हणेनात का! या खोऱ्यातल्या किती लेकी पलीकडे दिल्यात. माझ्यासारख्या किती जणी त्या काठावर उभ्या असतात, या एकदा बघायला."

रायाजीला ते पटलं. "या सभेत बोलतो," असं त्याने कबूल केलं आणि तो सुभ्याच्या गावाला निघाला.

वाटेत संगमपेठ लागायची. मुलखातलं सगळ्यात मोठं गाव तेच. तिथे तुकशेट राहायचा. नदीवरच्या सगळ्या नावांचा मक्ता त्याच्याकडे होता, आणि पेठेतली बहुतेक घरं त्याच्या शब्दावर चालायची. त्याने रायाजीला मोठ्या आदराने ओटीवर बसवलं, पान दिलं.

"रायाजीराव, सुभेदार थकले आता. लोक तुमचं नाव घेतात. आमची पेठही घेईल," तुकशेट म्हणाला. "मात्र ते साकवाचं कानावर आलंय. तेवढं काढू नका. एका खोऱ्यात साकव झाला की सातही खोरी मागतील. मग मी नावा काय उन्हात वाळत घालू?"

"शेट, लोकांचे हाल होतात हो. माझी लेकच पलीकडे..."

"मग साकवावर का भागवता? सुभेदार व्हा आणि दगडी पूल बांधा! गाड्या जातील असा. दगड आमच्याच नावांतून वाहू, म्हणजे आमचंही पोट भरेल. दम धरा जरा. लहान मागून मोठं घालवू नका."

रायाजी विचारात पडला. बोलणं खोटं नव्हतं. साकव काय, एखाद्या पुरात वाहून जाईल. दगडी पूल शंभर वर्षं उभा राहील. आणि पेठेशिवाय सुभेदारी नाही. त्या सभेत रायाजी उठला, घसा साफ केला, आणि दुसऱ्याच कुठल्या गोष्टीवर बोलून खाली बसला. सभासद झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं.

सगुणाला त्याने समजावलं. "साकव नाही, पूल बांधतो तुझ्यासाठी. सुभेदार होऊ दे मला."

सगुणा म्हणाली, "मला पूल कशाला? मला पाय टेकवण्यापुरती फळी पुरे होती." एवढंच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

रायाजी आता सातही खोरी फिरू लागला. कुणाच्या बारशाला जा, कुणाच्या तेराव्याला जा, कुठे देवळाचा कळस चढवायला जा. प्रत्येक गाव काहीतरी मागायचं आणि रायाजी प्रत्येकाला सांगायचा, "सुभेदार झालो की करतो." विहीर? सुभेदार झालो की तलावच बांधतो. वैद्य? सुभेदार झालो की दवाखानाच काढतो. जो माणूस लहान काम झाल्याशिवाय खाली बसत नसे, तो आता लहान कामाला हातच लावेना. वरच्या खोऱ्यातली माणसं त्याच्या दारापर्यंत येत आणि बंद दार पाहून परत जात. "आपला रायाजी मोठ्या कामाला गेलाय," असं ती एकमेकांना सांगत. त्यांनाही वाट बघायची सवय झाली.

श्रावण येत होते आणि जात होते. काठावर सगुणा आधी उभी राहायची, मग दगडावर बसू लागली. पलीकडचं तान्हं बाळ आता आपल्या पायांनी पळत काठावर येऊन हात हलवत होतं. तिला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. डोळ्यांवर पडदा आला होता.

अखेर म्हाताऱ्या सुभेदाराने निवृत्ती घेतली आणि निवडीचा दिवस ठरला. पलीकडच्या गावांनी नदी भरण्याआधीच आपल्या सुपाऱ्या पाठवून दिल्या. येसूच्या घरची सुपारी अर्थातच बापाच्या घड्यात पडली.

निवडीच्या आदल्या दिवशी रायाजी संगमपेठेत होता. तिथे वरच्या खोऱ्यातला एक शेजारी धापा टाकत आला.

"रायाजी, घरी चल. वहिनींना ताप आहे. चार दिवस उतरत नाही. सारखं येसूचं नाव घेतात."

रायाजी उठलाच. पण तुकशेटने त्याचा हात धरला. "उद्या सकाळी पेठ सुपारी टाकणार. तुम्ही ओट्यावर दिसला नाहीत तर माणसं दुसऱ्या घड्याकडे वळतील. इतकी वर्षं घालवलीत, एक दिवस काय जड आहे?"

रायाजीने मुलखातला सगळ्यात नावाजलेला वैद्य घोड्यावर बसवून घरी पाठवला. आपण मागे राहिला. दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर हात जोडून उभा होता; हसत होता, आणि आपण का हसतोय हे त्याला कळत नव्हतं.

घडे फुटले, सुपाऱ्या मोजल्या गेल्या. रायाजी सुभेदार झाला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. गुलाल अंगावर तसाच ठेवून त्याने घोडा घराकडे पिटाळला.

सगुणा खाटेवर पडून होती. वैद्य उशाशी बसला होता, पण त्याच्या पिशवीची दोरी बांधलेली होती. रायाजी गुडघे टेकून तिच्याजवळ बसला.

"सगुणे, झालो गं मी सुभेदार. आता पूल बांधतो."

तिने डोळे उघडले. त्याच्या गालावरचा गुलाल बोटाने पुसला. "बरं झालं," ती म्हणाली. "किती वर्षं मन लागून राहिलं होतं तुमचं." मग त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत तिने विचारलं, "येसू आली?"

बाहेर नदीचा आवाज येत होता. रायाजीने तिचा हात धरला. दाराकडे बघता बघताच सगुणा गेली.

चितेचा धूर नदीवरून पलीकडे गेला. येसू काठावर उभी होती. निरोप सांगायला कुणी नव्हतं, पण समोरच्या काठावर आई दिसली नाही, आणि धूर कुणाच्या चितेचा हे लेकीला कळलं. ती दिवसभर तिथेच उभी राहिली.

सुभेदार झाल्यावर रायाजीने पहिली सही पुलाच्या हुकुमावर केली. तुकशेटच्या नावांतून दगड आला. गवंडी आले, पाथरवट आले. पूल असा सुंदर झाला, की दुसऱ्या मुलखांतली माणसं बघायला यायची. पंचमीच्या दिवशी तो खुला झाला. ढोल वाजले. खोऱ्यातल्या म्हाताऱ्या आया पुलाच्या तोंडाशी जमल्या, आणि पलीकडून लेकी पळत आल्या. कोण हसतंय आणि कोण रडतंय, काही समजेना. "सुभेदारांचं कल्याण होवो," असं त्या म्हणत होत्या, आणि ते अगदी मनापासून होतं.

येसू सगळ्यांच्या मागून आली. तिने पुलाच्या कठड्यावर हात ठेवला, खालच्या पाण्याकडे पाहिलं, आणि गर्दीतून वाट काढत सरळ घरी गेली. रायाजी हारतुरे तसेच टाकून तिच्या मागे गेला.

तिने दार उघडलं. चूल थंड होती. ती उंबऱ्यावरच बसली.

"पूल चांगला झालाय, बाबा," ती म्हणाली. "भक्कम आहे." मग तिने विचारलं, "पण आता मी येऊ कुणाकडे?"

"मी आहे की गं, पोरी."

"तुम्ही सुभ्याच्या गावाला असता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर रायाजीला सोसवला असता. तिने घर झाडलं, देवापाशी दिवा लावला, बापाला वाकून नमस्कार केला. आणि पहिल्यांदाच श्रावणात माहेरी आलेली लेक दिवस मावळायच्या आत पूल ओलांडून परत गेली.

रायाजीने पुढे बरीच वर्षं कारभार केला आणि चांगला केला. दाराशी आलेलं लहान काम तो त्याच दिवशी हातावेगळं करायचा. कधी एखादा सभासद म्हणायचा, "सरकार, घाई कशाला? पुढच्या साली हेच काम मोठं करू, नाव होईल." तेव्हा रायाजी लेखणी हातात घेऊन एकच गोष्ट विचारायचा, "वाट कोण बघतंय?" सभासद नाव सांगायचा. त्या नावाचं माणूस डोळ्यांपुढे आणून तो सही करायचा. लोक त्याला थोर म्हणत. पण श्रावण लागला की त्याला सभेत बसवत नसे. तो एकटाच जुन्या घरी येई, चूल पेटवी, दार सताड उघडं ठेवी, आणि पुलाकडच्या वाटेला डोळे लावून बसे. येसू कधी येई, कधी न येई.

म्हणून, लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: उद्याच्या मोठ्या उपकारासाठी आजचं लहान काम अडवून ठेवू नये, कारण वाट बघणाऱ्याचं आयुष्य आपल्यासाठी थांबत नाही.